कायमच्या संध्याकाळचा ग्रह : एका मुखपृष्ठाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

एका मराठी दिवाळी अंकाने विज्ञानकथा विशेषांक काढायचं ठरवलं आणि मुखपृष्ठावर मुख्य कथेतला ग्रह घ्यायचं नक्की केलं. चित्राचं काम एका तरुण चित्रकाराकडे गेलं. तो तालुक्याच्या गावी राहून मुंबई-पुण्याची कामं करतो. फोटोशॉपवर त्याचा हात पक्का आहे, ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रांचं सॉफ्टवेअर जेमतेम येतं आणि लॅपटॉप साधाच आहे. खगोलशास्त्राच्या बाजूने सल्ला द्यायला मला बोलावलं होतं. अंकाचं, माणसांचं आणि कथेचं नाव इथे दिलेलं नाही.

कथेतला ग्रह आकाराने पृथ्वीएवढा, पण लाल खुज्या, म्हणजे सूर्याहून लहान आणि थंड ताऱ्याभोवती अगदी जवळून फिरणारा. इतका जवळून, की चंद्र जशी आपल्याकडे कायम एकच बाजू ठेवतो तशी या ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे. एका अर्ध्यावर न संपणारी दुपार, दुसऱ्यावर न संपणारी रात्र, आणि मधल्या संधिप्रकाशाच्या पट्ट्यात माणसांची वस्ती. यामागचं विज्ञान भक्कम आहे. ट्रॅपिस्ट-१ हा असाच एक तारा, आपल्यापासून सुमारे ४० प्रकाशवर्षांवर. त्याच्याभोवती सात ग्रह असल्याचं २०१७ साली जाहीर झालं, आणि त्या सातही ग्रहांच्या कक्षा आपल्या बुधाच्या कक्षेच्या आत मावतात. लेखकाने आपला ग्रह त्यातल्या चौथ्यावर बेतला होता. सुमारे सहा दिवसांत त्याची एक फेरी पूर्ण होते.

पहिला मसुदा आणि अडचण

पहिला मसुदा देखणा होता. उजवीकडून उजळलेली मोठी कोर, भोवती निळं तेज, पृष्ठभागावर विवरंच विवरं, वर-खाली पांढरे ध्रुव, मागे दाट तारे, कोपऱ्यात एक चंद्र आणि वर रक्तासारखा लाल सूर्य. संपादक मॅडम म्हणाल्या, "सुंदर आहे, पण खरं वाटत नाही. का ते मला सांगता येत नाही."

का ते सांगता येत होतं, आणि कारण पृष्ठभागाच्या रंगकामात नव्हतं. चित्रकाराने सगळा वेळ टेक्स्चरवर, म्हणजे पृष्ठभागाच्या पोतावर घातला होता. मूळ दुखणं उजेडाचं होतं.

कोरीपासून सुरुवात करू. त्याने ग्रहाच्या चकतीवर तेवढंच काळं वर्तुळ थोडं बाजूला सरकवून ठेवलं होतं आणि कडा ब्लर केली होती. बहुतेक ट्युटोरियलमध्ये हेच दाखवतात. दोन सारखी वर्तुळं अशी सरकवली की उरलेल्या कोरीची टोकं अर्ध्या वर्तुळाच्या पुढे वळतात, ग्रहणात दिसतात तशी. गोलावर मात्र उजेड-अंधाराची सीमारेषा नेहमी अर्धी लंबवर्तुळाकार दिसते आणि कोरीची दोन्ही टोकं एकाच व्यासाच्या दोन टोकांवर असतात. तपासायची पद्धत सोपी आहे. दोन्ही टोकांवर पट्टी ठेवा. ती ग्रहाच्या केंद्रातून जायला हवी. मसुद्यात ती केंद्राच्या बरीच डावीकडून गेली. बघणाऱ्याला ही भूमिती माहीत नसते, पण प्रत्येकाने लहानपणापासून चंद्रकोर पाहिलेली असते. डोळा अडखळतो तो तिथे.

दुसरी गोष्ट मापाची. मुखपृष्ठ साडेसात इंच रुंद, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), म्हणजे २,२५० पिक्सेल. त्यात ग्रहाची चकती २,००० पिक्सेलची. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर धरला तर एक पिक्सेल म्हणजे साधारण ६.४ किलोमीटर. हा आकडा हाताशी आला की पुष्कळ गोष्टी आपोआप ठरतात. मसुद्यातलं निळं तेज १२० पिक्सेल जाडीचं होतं, म्हणजे साडेसातशे किलोमीटरच्या वर. पृथ्वीच्या वातावरणाची सीमा ढोबळमानाने १०० किलोमीटरवर धरतात. ते होतात १६ पिक्सेल, आणि त्यातलाही डोळ्याला जाणवेल असा भाग तळाच्या चार-पाच पिक्सेलांत संपतो. एव्हरेस्टची उंची दीड पिक्सेलसुद्धा भरत नाही. कळसूबाईला जेमतेम पाव पिक्सेल मिळतो. लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे, तेही एका पिक्सेलच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. चित्रकाराने विवरं आणि डोंगर यांना जो उठाव दिला होता, त्या हिशोबाने डोंगर शेकडो किलोमीटर उंच ठरत होते. मोठा ग्रह लहान वाटायला लागतो तो अशा उठावामुळे. शिवाय दाट हवा आणि पाणी असलेल्या ग्रहावर बहुतेक विवरं फार काळ टिकत नाहीत. वारा, पाऊस आणि भूकवचाच्या हालचाली ती पुसून टाकतात.

तिसरी गोष्ट कडेची. चकतीच्या त्रिज्येचा अगदी बाहेरचा दहावा हिस्सा घेतला, तर त्या अरुंद पट्टीत गोलाच्या मध्यापासून कडेपर्यंतच्या ९० अंशांपैकी जवळजवळ २६ अंश कोंबलेले असतात. म्हणून खऱ्या ग्रहाच्या कडेला खंड, ढग, सगळं चेपून बारीक रेघांसारखं दिसतं. फोटोशॉपचा स्फेराइज फिल्टर मध्य फुगवतो, पण कडेला पुरेसं चेपत नाही. मसुद्यात कडेजवळची विवरंसुद्धा गोल दिसत होती.

आणि सगळ्यात ठळक चूक : ग्रहाच्या अंधाऱ्या भागात तारे चमकत होते. म्हणजे ग्रहातून आरपार दिसत होतं.

समोरचे पर्याय

आहे तोच मसुदा दुरुस्त करणं हा पहिला पर्याय. कोर नीट करायची, तेज कमी करायचं, तारे पुसायचे. दोन रात्रींचं काम. मॅडमचा कल याकडे होता, कारण छापखान्याची तारीख ठरलेली.

दुसरा, खऱ्या ग्रहाचं छायाचित्र घेऊन रंग बदलायचे. नासाची छायाचित्रं बहुतेक वेळा श्रेय देऊन मोकळेपणी वापरता येतात. आपल्या मंगळयानाचीही होती. त्याची कक्षा फार लांबट असल्यामुळे त्याला दुरून मंगळाची अख्खी चकती एका चौकटीत टिपता आली, आणि सप्टेंबर २०१४ मधली ती चित्रं अभ्यासाला फार चांगली आहेत. पण छायाचित्रातला उजेड ज्या दिशेचा आहे त्याच दिशेचा राहतो. आणि मंगळ कितीही हिरवा-जांभळा केला तरी ४,००० किलोमीटर लांबीची ती दरी शाळेतली मुलंसुद्धा ओळखतात. संदर्भ म्हणून ठेवायची, वापरायची नाहीत, यावर लवकर एकमत झालं.

तिसरा पर्याय सगळं ब्लेंडरमध्ये करण्याचा. वातावरणासकट. चित्रकाराच्या लॅपटॉपला ते झेपलं नसतं, आणि शिकायला वेळही नव्हता.

शेवटी पहिल्या आणि तिसऱ्या पर्यायाच्या मधला मार्ग घेतला. गोल, उजेड आणि कडेचं चेपणं ब्लेंडरकडून करून घ्यायचं. खंड, ढग आणि रंग हाताने रंगवायचे. माझा आग्रह याच्यासाठी होता. उजेडाचं गणित यंत्राला अचूक येतं आणि या माणसाचा हात रंगात चांगला आहे. ज्याचं बळ जिथे, ते काम त्याला.

पहिला निर्णय : तारा नेमका कुठे

ब्रश हातात घेण्याआधी तारा कुठे आहे ते कागदावर मांडलं. कथेचा जीव संधिप्रकाशाच्या पट्ट्यात आहे, म्हणजे तो पट्टा चकतीवर ठळक दिसायला हवा. कोरीत ग्रहाची बहुतेक रात्रीचीच बाजू दिसते; कोर तिथेच बाद झाली.

मग चित्रकाराने बरोबर अर्धा उजेड, अर्धा अंधार असं करून पाहिलं. यात एक वेगळीच पंचाईत झाली आणि ती समजून घेण्यासारखी आहे. पृथ्वीवर हवामानाचे पट्टे अक्षांशांप्रमाणे पडतात : विषुववृत्ताशी ढग, तीस अंशांच्या आसपास वाळवंटं, ध्रुवांवर बर्फ. एकच बाजू ताऱ्याकडे ठेवणाऱ्या ग्रहावर हा नियम चालत नाही. तिथे ऊन ठरतं ते तारा डोक्यावर असणाऱ्या बिंदूपासून किती दूर आहात यावर. म्हणून पट्टे त्या बिंदूभोवती कड्यांसारखे पडतात : मध्यभागी ढगांचा दाट पुंजका, मग मोकळं पाणी आणि जमीन, मग संधिप्रकाश, आणि पलीकडे बर्फ. समुद्राचे प्रवाह धरले तर ही कडी वेडीवाकडी होतात, पण मूळ मांडणी हीच. मसुद्यातले वर-खालचे पांढरे ध्रुव त्यामुळे मुळातूनच चुकीचे होते.

आता अर्ध्या उजेडाच्या चित्रात हा मध्यबिंदू चकतीच्या अगदी कडेवर येतो, आणि त्याच्याभोवतीची सगळी कडी आपल्याला बाजूने, म्हणजे सरळ उभ्या रेघांसारखी दिसतात. ग्रहावर उभे पट्टे ओढल्यासारखं झालं.

तारा आणि बघणारा यांच्यातला कोन ६० अंशांवर आणला तेव्हा चित्र उभं राहिलं. मध्यबिंदू उजव्या कडेच्या थोडा आत सरकला, कडी लंबवर्तुळं झाली, तीन चतुर्थांश चकती उजळली आणि संधिप्रकाश डाव्या अर्ध्याच्या मधोमध आला. वक्र रेषेत. माझ्या मते या कामातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच. पुढची निम्मी कामं यातूनच सुटली.

दुसरा निर्णय : पृष्ठभाग

टेक्स्चरसाठी चित्रकाराने स्वतः फोटो काढले. गंजलेला पत्रा, सड्यावरचा कातळ, ओल धरलेली भिंत. यातले उन्हात काढलेले फोटो बाजूला ठेवावे लागले, कारण त्यांच्यातल्या बारीक सावल्या त्या वेळच्या उन्हाच्या दिशेच्या असतात आणि चित्रातल्या ताऱ्याशी भांडतात. ढगाळ दिवशी काढलेले चालले. गंजाची दुसरी अडचण अशी की त्यातले ठिपके सगळे साधारण एकाच मापाचे असतात. निसर्गात मोठं मोजकं आणि लहान अमाप असतं, मग ते बेटांचं असो की ढगांचं. त्याने तोच पत्रा तीन-चार वेगवेगळ्या मापांत एकावर एक चढवला, मोठ्याचा जोर जास्त, लहानाचा कमी, आणि त्यावर किनारे हाताने मोडले. किनारपट्टी हाताने रंगवताना तो कोकणाचा नकाशा शेजारी ठेवून बसला होता. खाड्या कशा आत शिरतात ते बघायला. ते काम सुरेख झालं.

गोलावर टेक्स्चर गुंडाळताना दोन ठिकाणी नेहमी बोंब होते : जिथे नकाशाच्या दोन कडा जुळतात ती शिवण, आणि ध्रुवांवर होणारी चुरगळ. शिवण ऑफसेट फिल्टरने सरकवून बुजवली. ध्रुवांसाठी युक्ती केली. या ग्रहावर ध्रुवांना काही खास महत्त्वच नसल्यामुळे नकाशाचा एक ध्रुव सरळ ताऱ्याखालच्या मध्यबिंदूवर आणला. तिथे ढगांचा पुंजका बसायचाच होता. चुरगळ त्याखाली झाकली गेली, आणि कडी रंगवणंही सोपं झालं, कारण नकाशात ती आडव्या पट्ट्या झाली.

उठाव जवळजवळ शून्यावर आणला. "सर, एवढी मेहनत दिसणारच नाही," असं तो म्हणाला. फक्त सीमारेषेजवळ, जिथे ऊन तिरपं पडतं, तिथे उंच ढगांच्या सावल्या किंचित लांबवल्या. तेवढ्याने भाग जिवंत झाला.

तिसरा निर्णय : लाल तारा लाल नसतो

यावर सर्वांत जास्त चर्चा झाली. मॅडमना सूर्य लालभडक हवा होता, कारण कथेत वारंवार "लाल सूर्य" येतो. ट्रॅपिस्ट-१ चं पृष्ठभागाचं तापमान साधारण २,५५० केल्विन आहे. आपल्या घरात पूर्वी असायचे ते पिवळे बल्ब २,७०० केल्विनच्या आसपासचे. म्हणजे या ताऱ्याचा उजेड त्या बल्बहून जरासा नारिंगी, इतकंच. त्या बल्बखाली आपण पुस्तकं वाचली आहेत आणि कागद आपल्याला पांढराच दिसला आहे. तिथल्या माणसांचे डोळेही असेच सरावतील.

मग प्रश्न उरतो कॅमेऱ्याचा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याने कुठला उजेड पांढरा धरायचा ते, त्या उजेडाला जुळवला तर ढग पांढरे, आपल्या उन्हाला जुळवला तर सगळंच नारिंगी. दोन्ही खरं आहे. कुठलं घ्यायचं हा चित्रकाराचा निर्णय. आम्ही मधलं घेतलं : ढग फिकट पीच, समुद्र काळपट शिसवी, बर्फ उबदार करडं. कडेचं तेजही गडद निळं ठेवलं नाही. हवेत निळा प्रकाश जास्त विखुरतो हे खरं, पण ताऱ्याकडून निळा प्रकाशच मुळात कमी येतो, म्हणून तिथे फिकट, दुधाळ, किंचित निळसर रेघ बसली. उजेडाच्या बाजूला स्पष्ट, सीमारेषा ओलांडताना तांबूस होत विझणारी. अंधाऱ्या बाजूला अजिबात नाही.

तारा खुद्द चित्राबाहेर ठेवला. मॅडमनी हे मान्य केलं ते नमुना बघूनच. आधी त्यांचा विरोध होता.

चौथा निर्णय : चंद्र

कथेत या ग्रहाला चंद्र होता. ताऱ्याच्या इतक्या जवळ चंद्र दीर्घकाळ टिकणं अवघड असतं, ताऱ्याची ओढ त्याला राहू देत नाही. पण अशा दाटीवाटीच्या ग्रहमालेत शेजारचा ग्रह जवळ आला की आपल्या चंद्राएवढा किंवा त्याहून थोडा मोठा दिसतो. लेखकाला ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी कथेतली दोन वाक्यं बदलून चंद्राच्या जागी भाऊग्रह आणला. चित्रात तो लहानशा चकतीच्या रूपात आला, उजळ बाजू ताऱ्याकडेच.

तारे किती ठेवायचे यावर तडजोड झाली. अपोलो १७ मधून ७ डिसेंबर १९७२ ला टिपलेल्या पृथ्वीच्या प्रसिद्ध छायाचित्रात एकही तारा नाही, कारण उन्हातल्या ग्रहाला जुळवलेल्या एक्सपोजरमध्ये तारे उमटत नाहीत. मॅडमना मागचा भाग कोरा काळा नको होता. डाव्या बाजूला मोजके, मंद, लहान-मोठे तारे राहिले. मला हे चाललं. मुखपृष्ठ हे चित्र आहे, आणि चित्राला एवढी मुभा हवी. रात्रीच्या बाजूला शहरांचे दिवे मात्र घेतले नाहीत. उजळ बाजूच्या मानाने ते इतके क्षीण असतात की एकाच चौकटीत दोन्ही दाखवले तर ग्रहाची सगळी भव्यता जाते.

छपाई

पडद्यावर नितळ दिसणारा संधिप्रकाश पहिल्या प्रूफमध्ये पायऱ्या-पायऱ्यांनी उतरला. फाइल आठ बिटची होती, म्हणजे छटांच्या पायऱ्या मोजक्या. सोळा बिटमध्ये पुन्हा काढून, रंगछटांवर अगदी बारीक ग्रेन टाकून ते सुटलं. काळ्यात चारही शाया भरभरून दिल्या होत्या. छापखान्याने वेळीच सांगितलं की एवढी शाई वाळत नाही आणि वरच्या कागदाच्या पाठीला लागते. एकूण शाई (चारही पूर्ण दिल्या तर ४०० टक्के) २६० टक्क्यांवर आणली. गडद भाग तरीही पडद्यापेक्षा काळे आले आणि ग्रहाची डावी कड अवकाशात पूर्ण बुडाली. कड उजळावी का, हा प्रश्न आला. उजळली नाही. खऱ्या छायाचित्रातही ती अशीच हरवते, आणि राहिलेला गोल नजर स्वतः पुरा करते.

निष्पत्ती

अंक वेळेवर निघाला. मुखपृष्ठ मॅडमना, लेखकाला आणि चित्रकाराला मनापासून आवडलं. काही वाचकांनी "लाल सूर्याच्या ग्रहावर लाल प्रकाश का नाही" असं विचारलं, आणि पुढच्या अंकात त्यावर छोटं टिपण गेलं. मला यात मोठं समाधान आहे, कारण चित्राने प्रश्न पाडला. कागदावर हरवलं ते किनाऱ्यांचं बारीक काम. खाड्यांवर घेतलेले कष्ट छपाईत फारसे दिसत नाहीत. मोठ्या पडद्यावर ते चित्र पाहिलं की कळतात.

चित्रकाराने उजेडाची ती ब्लेंडर फाइल जपून ठेवली आहे. कोन बदलला की नवा ग्रह बसवता येतो.

पुन्हा करायचं झालं तर

लेखक, संपादक आणि चित्रकार यांची पहिली बैठक स्केचच्या आधी व्हावी. ताऱ्याचं तापमान, बघणाऱ्याचा कोन, ग्रहाचा व्यास आणि एका पिक्सेलला किती किलोमीटर, एवढ्या चार गोष्टी एका कागदावर लिहून सगळ्यांनी बघितल्या असत्या तर विवरांवरचं आणि ध्रुवांवरचं सगळं काम वाचलं असतं. चंद्राचा मुद्दाही तिथेच निघाला असता. कथा टाइपसेटिंगला गेल्यावर वाक्यं बदलणं लेखकावर अन्यायच होता.

प्रूफ रंगकामाच्या मध्यावर काढावं, शेवटी नाही. कुठल्या छटा कागदावर बुडतात ते आधी कळलं असतं तर किनाऱ्यांवरचा वेळ संधिप्रकाशाच्या पट्ट्यावर घालता आला असता.

आणि चित्र अंगठ्याएवढं करून वरचेवर बघावं. अंक आता मोबाइलवर बघून मागवले जातात. त्या मापात या मुखपृष्ठावरचा भाऊग्रह छपाईतल्या डागासारखा दिसतो. तो थोडा मोठा आणि शीर्षकापासून थोडा दूर हवा होता.